दोन डोंगर, एक सूर्य, एक हायवा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराच्या हाती कागद आणि खडू द्या आणि ‘निसर्गचित्र काढ’ म्हणा. पोरगं विचार करायला थांबत नाही. आधी दोन डोंगर येतात, कंपासपेटीतल्या गुण्यानं आखलेले. त्यांच्या बेचक्यात अर्धा सूर्य आणि त्याचे काटेरी किरण. तिथूनच नदी निघते, दोन वळणं घेऊन खाली येते आणि कागद संपला म्हणून संपते. डाव्या हाताला झोपडी, उजव्या हाताला कललेलं नारळाचं झाड, झोपडीपासून निघालेली पायवाट नदीपेक्षा रुंद. आकाशात चार-पाच बरोबरच्या खुणा. त्यांना पक्षी समजायचं. खाली कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी. झालं निसर्गचित्र.

हेच चित्र गडचिरोलीत निघतं, दादरला निघतं आणि अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळेतही निघतं. सरकारं बदलली, पाठ्यपुस्तकं बदलली, या चित्रातला एक दगड हलला नाही. आपल्याकडं ताम्हण राज्यफूल आहे, हरियाल राज्यपक्षी आहे, शेकरू राज्यप्राणी आहे, आणि यातलं एकही मी आजवर कुठल्या पोराच्या निसर्गचित्रात पाहिलेलं नाही. राज्यचित्र म्हणून मात्र हे दोन डोंगर उद्या जाहीर केले, तर एकाही पक्षाची हरकत येणार नाही. एवढं एकमत या राज्यात दुसऱ्या कशावर शिल्लक नाही.

आता गंमत अशी की मी ज्या गावात रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना चित्रकला शिकवतो, त्या गावात डोंगरच नाही. गाव अंतरवाली सराटी. तालुका अंबड, जिल्हा जालना. धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री लागतं, तिथून आत वळायचं. दक्षिणेला गोदावरी, तिच्या पलीकडं बीड जिल्हा. अलीकडं नजर जाईल तिथवर काळी सपाट जमीन, आणि तिच्यावर हंगामाप्रमाणे कापूस, तूर, सोयाबीन, कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, मधेच एखादी मोसंबीची बाग. तालुक्यात नाव घेण्याजोगी टेकडी म्हणजे अंबडची मत्स्योदरी देवीची, आणि ती नावाप्रमाणे माशाच्या आकाराची. त्रिकोणी नाही. म्हणजे परीक्षेला निरुपयोगी.

हायस्कुलातली नोकरी संपली तसा मी हा वर्ग लिंबाच्या झाडाखाली सुरू केला. फी नाही, म्हणून हजेरी भरपूर आणि तक्रार कमी. सुरुवातीलाच सगळ्यांना आवडेल तसं निसर्गचित्र काढायला सांगितलं. लिंबाखाली पाहता पाहता एवढे डोंगर उभे राहिले की सह्याद्रीला दम लागावा. चौथीतल्या एकाला मी विचारलं,

‘हा डोंगर कुठला रे?’

‘चित्रातला.’

‘आपल्या गावात आहे का डोंगर?’

‘न्हाई.’

‘मग काढलास काऊन?’

त्यानं माझ्याकडं कीव आल्यागत पाहिलं. ‘सर, निसर्गचित्र हाय ना हे.’

पोराचं चुकलं नव्हतं. निसर्ग आणि गाव हे त्याच्या लेखी दोन वेगळे विषय होते, गणित आणि इतिहासासारखे. गाव म्हणजे जिथं आपण राहतो ते. निसर्ग म्हणजे वहीत काढतात तो, आणि तो कुठंतरी वरच्या अंगाला, बहुधा पुण्याच्या पलीकडं असतो. आमच्याकडचं जुनं घर माळवदाचं. वर सपाट मातीचा थर, त्यावर दिवसा वाळवणं आणि उन्हाळ्याच्या रात्री अंथरुणं. नवं घर स्लॅबचं, तेही सपाट. पत्र्याच्या घराला उतार असलाच तर बोटभर, आणि पत्रा वावटळीत उडू नये म्हणून वर दगड ठेवलेले. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना पोरं काढतात ते कोकणातलं कौलारू घर, आणि वर त्याला धुराडं. भर मे महिन्यात, पाखरूसुद्धा सावली सोडत नाही अशा उन्हात, आमच्या झोपडीतून शेकोटीचा धूर निघतोय!

नदीबद्दल काय सांगावं. 2016च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तो हा मराठवाडा. पण त्या वर्षीही इथल्या एकाही पोराच्या वहीतली नदी आटली नसणार. पूर नाही, दुष्काळ नाही, पाणीवाटपाचा तंटा नाही, कडेपर्यंत निळीशार. मराठवाड्यातली खरी बारमाही नदी चित्रकलेच्या वहीत वाहते.

पोरांनी डोंगर धरून ठेवलाय, याला माझ्या मते आळस कारणीभूत नाही. तो हिशेब आहे. सपाट मुलुखाचं चित्र काढायचं म्हणजे कागदावर एक आडवी रेघ मारायची. तिला दोन सेकंद लागतात. तास असतो चाळीस मिनिटांचा. उरलेल्या वेळात पोरानं काय करावं? दोन त्रिकोण काढले की कागदाचा वरचा अर्धा भाग भरतो, नदी सोडली की खालचा भरतो, आणि मार्क भरलेल्या कागदाला मिळतात. हे ज्या मास्तरनं पहिल्यांदा शोधून काढलं त्याला शंभर पोरांचा वर्ग असणार. मी त्याला दोष देत नाही.

पण सपाट जमिनीचं चित्र होतं, आणि फार देखणं होतं. हॉलंड हा देश आपल्या गोदाकाठाहूनही सपाट. तिथं सतराव्या शतकात याकोब व्हान राइसडालसारख्या चित्रकारांनी एक युक्ती केली: क्षितिजाची रेघ खाली ओढली आणि कागदाचा दोन तृतीयांश भाग आभाळाला देऊन टाकला. खाली चिमूटभर गाव, एखादं देवळाचं शिखर, आणि वर ढगांचे डोंगर. मी पोरांना तेच सांगितलं. रेघ खाली घ्या, वर आभाळ काढा. एका पोरीनं मान वर करून आभाळ नीट न्याहाळलं. एप्रिलचा महिना होता. ‘सर, तिथं तर काहीच न्हाई.’

खरंच काही नव्हतं. निळंसुद्धा नव्हतं. उन्हाळ्यात दुपारी आमच्याकडचं आभाळ पांढुरकं होतं, धुऊन धुऊन विटलेल्या धोतरासारखं. डच लोकांना ही अडचण आली नसावी. मृग लागल्यावर मात्र त्याच पोरांनी असे ढग काढले की मीच पाहत राहिलो. कारण ढग त्यांना पाठ असतात. ‘हा पडायचा न्हाई सर, नुस्ता गडगडतो,’ असं एकानं आपल्याच चित्रातल्या ढगाबद्दल मला सांगितलं. पेरणीचा निर्णय ज्या घरात ढगाकडं बघून होतो, तिथल्या पोराला ढगाची छटा कळायला मास्तर लागत नाही.

मग मी डोंगरबंदी जाहीर केली. डोंगर नाही, नारळ नाही, उतरतं छप्पर नाही. लिंबाखालून उठायचं, गावात फिरून यायचं आणि जे दिसलं तेच काढायचं. पहिल्या दिवशी वर्गात सुतक पसरलं. डोंगर काढून घेतल्यावर सूर्य कुठं ठेवायचा, हा प्रश्न पोरांना खरोखर पडला होता. एकानं तो उसाच्या फडावर ठेवून पाहिला आणि घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, ‘ऊस पेटंल का?’

पण त्यानंतर जी चित्रं आली, ती मी जपून ठेवली आहेत.

एका पोरानं गोदावरी काढली. पाणी थोडं, वाळू जास्त, अगदी प्रामाणिक. आणि पात्राच्या मधोमध एक भला थोरला हायवा. आमच्या भागात वाळूच्या मोठ्या टिपरला हायवा म्हणतात, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगितलं. टायर किती, मागचा हौदा कसा वर उचलतो, ड्रायव्हरच्या काचेवर काय लिहिलेलं असतं, सगळं बारकाईनं. मी म्हटलं, ‘निसर्गचित्रात हायवा?’ तो म्हणाला, ‘सर, नदीत असतोच की.’ मग जरा विचार करून म्हणाला, ‘पण तो रात्रीचा असतो. काळा खडू द्या, रात्र करतो.’ आणि त्यानं सगळं आभाळ काळं केलं. नदीवर इतकं खरं भाष्य मी एखाद्या अग्रलेखातही वाचलेलं नाही.

दुसऱ्यानं शेतातली बोअर काढली. मुलांच्या चित्रांत घराची भिंत पारदर्शक असते, आत चूल, माणसं, पोटात बाळ, सगळं दिसतं. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकानं 1947 साली एका जाडजूड पुस्तकात मुलांच्या चित्रांच्या पायऱ्या लावून दाखवल्या, त्यात या प्रकाराला त्यानं क्ष-किरण चित्र म्हटलंय. पण लोवेनफेल्ड ऑस्ट्रियातला आणि नंतर अमेरिकेतला. त्यानं मराठवाड्यातली बोअर पाहिलेली नव्हती. आमच्या पोरानं जमिनीची रेघ कागदाच्या वरच्या टोकाला मारली, तिच्यावर मुंगीएवढा माणूस आणि मुंगीएवढी बोअरची गाडी, आणि खाली पाइप. काळी माती संपली, मुरूम लागला, मग खडक, मग अजून खडक. कागद संपला. पोरगं उठलं, दुसरा कागद मागितला आणि खाली डिंकानं चिकटवला. मग तिसरा. मी विचारलं, ‘बाबा रे, थांबणार कुठं?’ तर म्हणालं, ‘पाणी लागू द्या की.’

माझ्याकडचे कागद संपले तेव्हा ती बोअर बंद पडली. पाणी लागलं नाही. कागदावर निळा ठिपका द्यायला त्याचं काय जात होतं? पण नाही दिला. मन मारून निळा खडू पेटीत परत ठेवला. असला वास्तववाद शिकवून येत नाही.

लोवेनफेल्डचंच आणखी एक निरीक्षण आमच्याकडं रोज पटतं. लहान मूल आभाळाची निळी पट्टी कागदाच्या वरच्या कडेला काढतं, जमिनीची पट्टी खालच्या कडेला, आणि मधला भाग कोरा सोडतं. मोठी माणसं लगेच सांगायला जातात की आभाळ जमिनीला टेकतं. पहिलीतल्या पोरीला मी विचारलं, मधे काय आहे? ती म्हणाली, ‘हवा.’ मला यावर उत्तर सुचलेलं नाही. आभाळ जमिनीला टेकलेलं तिनं कधी पाहिलं नाही. मीही टेकलेल्या जागी जाऊन आलेलो नाही.

2023च्या ऑगस्टअखेर या गावाचं नाव देशभर गेलं. मराठा आरक्षणासाठीचं उपोषण, त्यानंतरचे दिवस आणि 14 ऑक्टोबरची ती सभा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली आहे, त्यावर लिहिणारे मोठे लोक आहेत. मी फक्त चित्रांपुरतं सांगतो. पोरांच्या निसर्गचित्रात एकदम मंडप आला, झेंडे आले, डोक्यावर ताटली घेतलेल्या वाहिन्यांच्या गाड्या आल्या, आणि फुलं उधळणारा जेसीबी आला. जेसीबीच्या पंजातून पडणारी झेंडूची फुलं हा विषय रंगसंगतीच्या दृष्टीनं किती उत्तम आहे, हे मला तेव्हा कळलं; पिवळ्यावर पिवळं असल्यामुळं अवघडही. एका पोरापुढं फार मोठी अडचण उभी राहिली. सभा काढायची, पण माणसं किती काढायची? सात-आठ माणसं डोळे-नाक-कानांसकट काढून तो रडकुंडीला आला. मी त्याला सांगितलं, पुढच्या दोघा-तिघांना तोंड दे, त्यांच्या मागं नुसती डोकी, त्याच्या मागं नुसते ठिपके. त्यानं संध्याकाळपर्यंत ठिपके दिले. शेवटी कागदावर ठिपकेच राहिले. मग शांतपणे म्हणाला, ‘आमचे आजोबा ह्या ठिपक्यात हायेत.’ कुठल्या, ते त्यानं बोट ठेवून दाखवलं.

आता रंगांकडं येऊ. चित्रकलेच्या मास्तरांनी महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या एक नियम चालवलाय: काळा रंग वापरायचा नाही. चित्र मळतं, मुर्दाड होतं, सावली निळ्या-जांभळ्यानं करा. नियम बरोबर आहे, कलाशास्त्राला धरून आहे, मीही नोकरीत पंचवीस-तीस वर्षं हाच घोकून घेतला. फक्त आमच्याकडं जमीन काळी आहे. पाऊस पडून गेल्यावर नांगरट पाहा. तिला तपकिरी म्हणणाऱ्या माणसानं ती पायाला चिकटवून घेतलेली नाही. आणि पोरं काळा वापरायचा नाही म्हणून शेत भगव्या-तपकिरी रंगानं रंगवतात. म्हणजे डोंगर कोकणातला, घर कोकणातलं, आणि मातीही कोकणातलीच. आमच्या वाट्याला राहिलं काय? तर कोपऱ्यातलं नाव, इयत्ता, तुकडी.

या बाबतीत आमच्याच मुलुखातले जुने कलाकार शहाणे होते. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकात ज्यांनी भिंती रंगवल्या, त्यांच्याकडं रंगपेटी नव्हती. त्यांनी गेरू घेतला, पिवळी माती घेतली, हिरवा रंग इथल्याच खडकातल्या हिरव्या मातीतून काढला, पांढऱ्याला चुना वगैरे, आणि काळ्याला दिव्याची काजळी, बिनदिक्कत. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, बाहेरून आलेला. बाकी सगळं घरचं. भिंतीला लिंपण दिलं ते मातीत साळीचा तूस आणि गवताचे धागे कालवून, म्हणजे आमच्या आज्यांना जमेल असं. तिथं हंसांची एक रांग छतावर आहे, आणि प्रत्येक हंसाची मान वेगळी वळलेली. दीड हजार वर्षांपूर्वी याच मराठवाड्यात लोक हंसाच्या मानेकडं इतकं टक लावून बघत होते. आणि आता आम्ही आकाशात बरोबरच्या खुणा करतो.

जाता जाता अजिंठ्याचीच एक गोष्ट, पोरांना फार आवडते ती. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी 1844 पासून तिथं राहून भित्तिचित्रांच्या नकला करत बसला. त्या विलायतेला गेल्या आणि 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले, 1872पासून नव्या नकलांवर खपले, आणि त्यातल्याही पुष्कळ 1885च्या आगीत गेल्या. ही गोष्ट मी सांगितली त्याच्या पुढच्या रविवारी तिघांच्या वह्या बकरीनं खाल्ल्या होत्या. इतिहासाचा उपयोग पोरं फार लवकर करून घेतात.

जलरंगात पहिला धडा पांढऱ्याचा. पेटीतला पांढरा रंग पोरांना भारी आवडतो, कशातही कालवला की सगळं पिठूळ होतं. खऱ्या जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. हे समजवायला कापसाच्या शेतासारखं साधन नाही. मी सांगितलं: कापूस रंगवू नका. बोंडाच्या जागा सोडून द्या, फक्त आजूबाजूची पानं रंगवा, पळाटी रंगवा, सावली द्या. कापूस आपोआप दिसायला लागेल.

‘आपोआप येतो?’

‘आपोआप.’

‘काहीच न करता?’

‘आजूबाजूचं नीट केलं की झालं.’

‘बापूला सांगतो,’ म्हणून ते पोरगं गंभीर झालं. बापूनं त्या साली बियाणं, खत, फवारणी आणि बोंडअळी यांत बरेच पैसे घातलेले होते.

हिरव्याचंही तसंच. पेटीत एकच सॅप ग्रीन, आणि बाहेर उसाचा हिरवा पोपटी, तुरीचा राखी, लिंबाच्या पालवीचा तांबूस, मोसंबीच्या पानाचा जवळजवळ काळा. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या पानाचा रंग कुठल्या रंगपेटीत मिळत नाही. तो निळ्यात पिवळा आणि वर किंचित तांबडा घालून बनवावा लागतो. सॅप ग्रीनच्या एकाच नळीवर वर्ष काढायचं ठरवलं की असं कालवणं आपसूक जमतं. रंगाचं दुकान गावात नाही, हा आमच्या वर्गाचा सर्वांत मोठा शैक्षणिक फायदा. पॅलेट म्हणजे जुनी फरशी, पाण्याला कापलेली बाटली. ब्रश तोंडात धरू नका, हे मात्र मी ओरडून थकलो. प्रुशियन ब्लू खाऊन निळ्या जिभेनं ‘धरला न्हाई सर’ म्हणणारी पोरं मी रोज पाहतो.

पण मुलांना सर्वांत चांगलं काय येतं? बैल. पोळ्याचं चित्र काढायला सांगितलं की मास्तरनं गप्प बसावं. सायकल ज्यांना चालवता येते पण काढता येत नाही, ती पोरं बैलाचं वशिंड, गळ्याखालची लोंबती कातडी, बसताना आधी कुठले पाय दुमडतात, हे न बघता काढतात. सहावीतल्या एकाला मी तपकिरी खडू दिला तर त्यानं परत केला. ‘सर, हा लाल कंधारी हाय. ह्याला गेरू लागतो.’ शेजारच्यानं पांढऱ्यावर काळे ठिपके दिले होते, तो देवणी. दोघांत कुणाचा बैल भारी यावरून रबर फेकाफेकी झाली. जातीवंत बैलाच्या शिंगाचा बाक मला त्या दिवशी एका बारा वर्षांच्या पोरानं शिकवला, आणि शिकवताना त्यानं माझ्या हातातली पेन्सिल ओढून घेतली. त्यात उद्धटपणा नव्हता. चूक बघवत नव्हती एवढंच.

आणि समीक्षक म्हणाल तर एक आजी. कापूस वेचणारी बाई असं चित्र एका पोरीनं काढलं होतं. छान होतं. रंग मोजका, कागद सोडलेला, मी शाबासकी देऊन बसलो होतो. आजी शेळ्या घेऊन चालल्या होत्या, थांबल्या, चित्राकडं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ही उभी राहून वेचती व्हय गं? पाहुणी आली का?’ मग हातातली काठी पोरीकडं देऊन त्या स्वतः वाकल्या. पाठ कशी, गुडघा किती, डावा हात फांदीला आणि उजवा बोंडाला, कमरेची ओटी भरली की शरीर कुठल्या बाजूला जातं, सगळं करून दाखवलं. मुंबईच्या जे. जे.त यासाठी मॉडेलला पैसे देऊन बसवतात. आजी शेळ्या हाकत निघून गेल्या.

पालकांचं म्हणणं वेगळं असतं, आणि ते ऐकून घ्यावं लागतं. ‘ह्याचं पुढं काय?’ हा पहिला प्रश्न. त्याला राज्यात एक अधिकृत उत्तर आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र वगैरे. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढीव, ब ला 5, क ला 3. हे सांगितलं की पालकांच्या चेहऱ्यावर कलेबद्दल आदर दिसू लागतो. ‘सात मार्क कशात धरतात, गणितात धरतील का?’ असं एका वडिलांनी विचारलं होतं. अजिंठ्याचे हंस आणि राइसडालचे ढग मिळून जे मला जमलं नाही, ते या सात गुणांनी केलं. मी कृतज्ञ आहे.

कायदाही आमच्या बाजूचा आहे, म्हणजे कागदावर. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभरावर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक हवा. म्हणजे शंभरापर्यंतच्या पोरांना कलेची गरज नाही. एकशेएकावं पोरगं दाखल झालं की सौंदर्यदृष्टीचा प्रश्न उभा राहतो. आमच्या भागातल्या लहान शाळांत हे एकशेएकावं पोरगं अजून जन्माला यायचं आहे.

आता डोंगरांपुढं नवं संकट आलंय. मोबाइलवर गोरे बाबा दहा मिनिटांत निसर्गचित्र शिकवतात. बर्फाचे सुळके, काळोखी सूचिपर्णी झाडं, तळ्यात त्यांचं प्रतिबिंब. परवा एका पोरानं अंतरवालीत बर्फ पाडला. डोंगर निदान महाराष्ट्रातला तरी होता, असं मला पहिल्यांदाच वाटलं. मी त्याला एवढंच विचारलं, ‘ह्या बर्फात तुझा बैल कुठं बांधशील?’ तो विचारात पडला. मग त्यानं बर्फावर एक पत्र्याचा गोठा काढला, पत्र्यावर दगड ठेवले, आणि आत लाल कंधारी बांधला. मी ते चित्र तसंच ठेवून घेतलंय. माझ्या मते ते जागतिक दर्जाचं आहे.

तर वाचकांना एक विनंती. आपल्या कार्यालयात, छापखान्यात, घरात पाठकोरे कागद पडलेले असतातच. रद्दीत घालू नका. महामार्गानं बीडकडं किंवा जालन्याकडं जाणं झालं तर वडीगोद्रीहून आत वळा, ऊन उतरल्यावर या, लिंबाखाली रविवारी आम्ही असतोच. कागद एका बाजूनं छापलेला असला तरी चालतो, बोअर काढणाऱ्याला तर लांबच्या लांब लागतात. रंगपेटी आणू नका, ती आमच्याकडं आहे. आणायचाच झाला तर सुटा काळा रंग आणा, दोन-तीन नळ्या. आमचा सारखा संपतो.